एलपी स्टिरिओ, फाइल मोनो: माइक जॅक, यूएसबी अडॅप्टर की यूएसबी टर्नटेबल?

वडिलांच्या एलपी माइक जॅकमधून लॅपटॉपवर घेत होतो. अठरा बाजू झाल्यावर हेडफोन लावून नीट ऐकलं आणि पोटात खड्डा पडला. सतार-तबल्याची एक स्टिरिओ एलपी आहे, अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकली की तबला स्वच्छ उजवीकडून येतो. फाइलमध्ये तोच तबला सतारीच्या मागे कुठेतरी, शेजारच्या घरात वाजावा तसा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्ट्या मात्र दोन दिसत होत्या, म्हणून इतके दिवस शंकाच आली नाही.

तुमचंही असंच होत असेल तर काही विकत घ्यायच्या आधी एवढं करा. रेकॉर्ड वाजत असताना आरसीएच्या (लाल-पांढऱ्या पिनांच्या आवाजाच्या वायरीच्या) जोडीतली लाल पिन, म्हणजे उजवा चॅनल, काढा. मीटरवर काहीच फरक पडला नाही, आणि पांढरी काढल्यावर दोन्ही पट्ट्या शून्यावर आल्या, तर उजवा चॅनल संगणकात शिरतच नाहीये. दुसरी खूण अशी: ट्रॅक ‘स्प्लिट स्टिरिओ टू मोनो’ करा, एका पट्टीला ‘इन्व्हर्ट’ (लहर उलटी करणारा पर्याय) लावा आणि दोन्ही मिसळा. पूर्ण शांतता झाली तर दोन्ही पट्ट्या एकच आहेत.

मग सेटिंग बघा. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग चॅनल २ हवेत, आणि विंडोजमध्ये त्या इनपुटच्या ‘डिफॉल्ट फॉरमॅट’मध्येही २ चॅनल. यूएसबी टर्नटेबलला विंडोज कधी कधी माइक समजून १ चॅनलवर ठेवतं, तिथे एवढ्यावर काम भागतं. पण यादीत २ चॅनलचा पर्यायच नसेल, तर दोष बहुधा जॅकचा आहे आणि सॉफ्टवेअरची खटपट व्यर्थ.

लॅपटॉपचा माइक जॅक या कामाचा नाही, हे मी ठामपणे सांगतो. तो बहुतेक वेळा एकाच चॅनलचा असतो. स्टिरिओ पिनच्या टोकावरचा डावा आवाज तो घेतो आणि मधल्या कडीवरचा उजवा सोडून देतो. म्हणजे डावं-उजवं मिसळून मोनो होतं असंही नाही, अर्धी रेकॉर्डच गळते. हेडफोन-माइक एकत्र असलेल्या जॅकमध्ये साधी तीन भागांची पिन घातली तर तो तिला हेडफोनच समजतो. बाजारात मिळणाऱ्या छोट्या स्वस्त यूएसबी साउंड कार्डांचीही हीच गत, कारण त्यांचं गुलाबी भोक बहुधा मोनोच असतं. डेस्कटॉप असेल तर मागचा निळा लाइन-इन बघा. तो स्टिरिओ असतो आणि फुकटात काम होतं.

आता खरी निवड. तुमचं टर्नटेबल चांगलं असेल, तर ते बदलू नका. आरसीए इनपुट असलेला यूएसबी अडॅप्टर घ्या. बेहरिंगरचे यूसीए२०२ आणि यूएफओ२०२ दिसायला भावंडं, पण यूएफओमध्ये फोनो प्रीअ‍ॅम्प आणि अर्थची वायर लावायची सोय आहे, यूसीएत नाही. हा फरक मोठा आहे. मूव्हिंग मॅग्नेट या नेहमीच्या प्रकारच्या कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) जेमतेम ४-५ मिलिव्होल्ट येतात, शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त ठेवलेले असतात. ते मूळपदावर आणण्याचं काम फोनो प्रीअ‍ॅम्प करतो. तो नसेल तर आवाज बारीक आणि कोरडा येतो. टर्नटेबलमध्ये किंवा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्रीअ‍ॅम्प आधीच असेल तर यूसीए पुरतो. दोन प्रीअ‍ॅम्प एकामागे एक लावले की आवाज फाटतो.

यूएसबी टर्नटेबल घ्यावं ते घरात टर्नटेबलच नसेल तेव्हा. वायरींची भानगड नाही, एकच केबल. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी१२०एक्सयूएसबीसारख्या मशीनमध्ये प्रीअ‍ॅम्पही असतो आणि कार्ट्रिज बदलता येतं. सुटकेससारखी स्वस्त मॉडेलं मात्र टाळा. त्यांची सिरॅमिक सुई जड टेकते आणि आईवडिलांनी जपलेल्या रेकॉर्डवर ती फिरवायला माझं मन होत नाही.

मी अडॅप्टर घेतला आणि अठराही बाजू पुन्हा घेतल्या. स्टिरिओ फाइलला १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, तेव्हा डिस्कवर जागा आधीच करून ठेवा.

एक गोष्ट आधी बघायला हवी: रेकॉर्डच मोनो नाही ना? एचएमव्हीच्या भारतीय एलपींवर क्रमांकाआधी ईसीएलपी असेल तर ती बहुधा मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. ७८ च्या जुन्या तबकड्या तर मोनोच. तरीही त्या दोन चॅनलमध्येच रेकॉर्ड करा आणि नंतर दोन्ही मिसळून एक करा. मोनो खाचेत संगीत आडव्या हालचालीत असतं. सुईच्या वर-खाली हालण्यातून येणारी घरघर दोन चॅनलांत उलट्या दिशेने उमटते आणि मिसळताना बरीचशी एकमेकींना खोडून टाकते.