आबांची बुलेट: इंजिन उघडायचं की दुसरं बसवायचं?

वडिलांच्या वेळची कास्ट आयर्न (बिडाच्या सिलिंडरची जुनी) बुलेट ज्यांच्या ओट्यापुढे उभी आहे, त्यांना हा प्रश्न एकदा तरी पडतोच. हेच इंजिन नीट करून घ्यावं, की दुसरं आणून बसवावं? मी दोन्ही केलं आहे, तेही एकाच गाडीवर. आधी बदललं, मग दोन वर्षांनी मूळचं दुरुस्त करून परत चढवलं. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाही. तरी दोन्ही बाजू जशा वाट्याला आल्या तशाच सांगतो.

आबांनी १९८८ साली कपाशीच्या पैशात ही ३५० स्टँडर्ड घेतली. अमळनेरचा बाजार, धुळ्याचे पाहुणे, शेतावरचा रोजचा हेलपाटा, सगळं तिच्यावरच झालं. २०१६ च्या उन्हाळ्यात इंजिनाच्या पोटातून जड ठोका ऐकू यायला लागला. चढावर वाढायचा, गॅस सोडला की सूर बदलायचा. मिस्तरीने कान लावला आणि म्हणाला, "भाऊ, आते फुल इंजिन करनं पडी."

इथे घाई करू नका. ठोका आला म्हणजे क्रँकच (इंजिनाच्या पोटातला फिरता दांडा) गेला असं नसतं, आणि धूर आला म्हणजे रिंगाच (पिस्टनवरच्या कड्या) गेल्या असंही नसतं. बुलेट महिना-दोन महिने उभी राहिली की कप्प्यातलं ऑइल पंपातून झिरपत क्रँकच्या जागेत उतरतं. मग पहिल्या किकला गल्लीभर निळा धूर होतो. गाडी थोडी चालवल्यावर तो निवळला, तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही. टकटक वरच्या अंगाने येत असेल तर आधी टॅपेट बघा. इंजिन थंड असताना, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, पुशरॉड (व्हॉल्व्ह ढकलणारा उभा दांडा) दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. प्रायमरी चेन (इंजिनाची ताकद क्लचकडे नेणारी साखळी) ढिली झाली तरी अशीच खडखड होते, आणि तिचा इलाज तासाभराचा असतो.

खरं काय ते बॅरल (पिस्टन ज्यात खाली-वर होतो ते नळकांडं) उतरवल्यावरच कळतं. मिस्तरीने पिस्टन काढला, कनेक्टिंग रॉड वरच्या टोकाला आणला, दोन्ही हातांनी धरला आणि सरळ वर ओढला. आडवा थोडा हलतोच, तो हलायलाच हवा. आमचा उभाही हलला. त्याने रॉड माझ्या हातात दिला. अगदी बारीक, पण बोटांना स्पष्ट कळेल असा 'टक्' लागला. त्यानंतर वाद उरला नाही.

तेव्हा मी इंजिन बदलायचं ठरवलं, आणि त्या दिवसाची कारणं मला आजही खोटी वाटत नाहीत. पेरणी तोंडावर होती, गाडी हवी होती. फुल इंजिन म्हणजे क्रँक उघडून नवी पिन, नवा रॉड, मग लेथवर क्रँक फिरवून दोन्ही फ्लायव्हील एका रेषेत आणणं, बॅरल बोअर करणं (आतून कापून थोडं मोठं करणं), पिस्टन, व्हॉल्व्ह, गाइड, बेअरिंगं. यातलं निम्मं काम गावात होत नाही, जळगाव नाहीतर भुसावळ गाठावं लागतं. बदलणं मात्र एका दिवसाचं. जुन्या बुलेटचं इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा, त्यामुळे क्लच आणि प्रायमरी चेन उतरवली की गिअरबॉक्स चेसिसमध्येच राहतो आणि नुसतं इंजिन निघतं. जुन्या बाजारातून एक कास्ट आयर्न इंजिन मिळालं, फुल कामाच्या निम्म्या पैशात. सकाळी चढवायला घेतलं, दिवेलागणीला गाडी दारात होती.

ती चाललीही, हे मान्य करायला हवं. फक्त एक गोष्ट तेव्हा लक्षात यायला हवी होती. आबांच्या इंजिनाला किक मारायची तर आधी डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून, अँपिअर मीटरचा काटा मध्यावर आणून, मग अंगाचं वजन टाकावं लागायचं. हे इंजिन माझा शाळकरी पुतण्याही चालू करायचा. किक हलकी झाली म्हणून घरात सगळे खूश होते. ते कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरल्याचं लक्षण होतं. पुढच्या मे महिन्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढताना अर्ध्यावर पिस्टनने धरलं, म्हणजे तापून बॅरलमध्ये अडकला. तास-दीड तास सावलीत थांबून, इंजिन निववून परतलो. हेड उतरवलं तर पिस्टनच्या माथ्यावर ६० चा आकडा. बुलेटच्या बॅरलला २०, ४०, ६० असे बोअर मिळतात, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाचे तितके हजारांश मोठे. साठ म्हणजे शेवटचा, त्यापुढे नवी स्लीव्ह (बॅरलच्या आतलं अस्तर) टाकायची. माझ्याआधी त्या इंजिनाचं सगळं आयुष्य कोणीतरी वापरून संपवलं होतं.

तरीसुद्धा मी ते इंजिन ठेवलं असतं. स्लीव्ह टाकता येते, बोअर पुन्हा मूळ मापाला आणता येतो. मला नडला तो त्याच्यावरचा नंबर.

२०१८ मध्ये गाडीची फेरनोंदणी आली. पहिली पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी ती करावी लागते, हे जुनी गाडी ठेवणाऱ्यांना माहीत आहेच. पर्यावरण कर भरला, विमा काढला, गाडी धुऊन-पुसून पासिंगला नेली. तपासणाऱ्या साहेबांनी चेसिस नंबरवर कागदाची पट्टी धरली आणि पेन्सिल आडवी करून घासली. एकेक अंक उमटत गेला, आरसी बुकाशी जुळला. मग ते इंजिनाशी वाकले. क्रँककेसवरचा (क्रँकभोवतीच्या कवचावरचा) चिकटा चिंधीने पुसला, दुसरी पट्टी, पुन्हा पेन्सिल. मी शेजारी उभा राहून पट्टीवर अंक उमटताना बघत होतो, आणि तिसऱ्याच अंकाला मला कळलं. साहेब आवाज न चढवता म्हणाले, "हे इंजिन या गाडीचं नाही." कागद माझ्या हातात परत आले.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवर जे लिहिलं आहे त्याला सोडून गाडीत बदल करता येत नाही. इंजिन बदलायचं तर रीतसर परवानगी आणि नव्या नंबरची नोंद हवी. त्यासाठी इंजिनाचं बिल हवं, ते कुठल्या गाडीचं आहे याचे कागद हवेत. माझ्याजवळ होती एक चिठ्ठी, तिच्यावर फक्त रक्कम आणि तारीख. विकणाऱ्याकडे गेलो तर त्यालाही सांगता येईना. ती गाडी भंगारात गेली, की विम्यात, की कोणाच्या दारातून रात्री उचललेली होती? दोन वर्षं मी कोणाच्या तरी गाडीचं काळीज आपल्या चेसिसमध्ये घेऊन फिरत होतो आणि ते कोणाचं, हे मला माहीत नव्हतं. या काळात अपघात झाला असता तर विम्यासाठीही आधी हेच नंबर ताडून पाहिले असते.

एकाने वाट सुचवली: "जुना नंबर घासून तुमचा ठोकून देतो, कोणाला कळणार नाही." हे करू नका. कास्टिंगवर कानस फिरली की ती जागा सपाट, वेगळीच दिसते, पारख असणाऱ्याला लगेच कळतं. आणि कळलं की प्रश्न कागदांचा राहत नाही, गुन्ह्याचा होतो.

तीन महिने गाडी उभी होती. जळगावच्या चार फेऱ्या झाल्या. शेवटी गोठ्याच्या माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेलं आबांचं इंजिन खाली काढलं. भंगारवाल्याने दोनदा मागितलं होतं, आबांनी दिलं नव्हतं.

त्या दिवशी मिस्तरीने समजावलं ते दोन वर्षं आधी समजलं असतं तर बरं झालं असतं. बुलेटच्या इंजिनाचा नंबर क्रँककेसवर असतो. क्रँककेस शाबूत असेल तर आत सगळंच्या सगळं नवं टाका, गाडीची ओळख बदलत नाही. रॉड नवा, पिन नवी, बेअरिंगं नवी, पिस्टन नवा, हवं तर बॅरल आणि हेडही दुसरं. आरसीच्या दृष्टीने इंजिन तेच. म्हणजे दुरुस्ती म्हणताना तुम्ही जवळजवळ नवंच इंजिन घेता, फक्त आपल्या केसमध्ये.

दुरुस्तीची बाजू गोडगोड करून सांगत नाही. अडीच महिने लागले. पैसे दुसऱ्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त गेले. पहिला पिस्टन नकली निघाला. खोका हुबेहूब, पण तीनशे किलोमीटरवर रिंगांनी ऑइल सोडलं आणि बॅरल पुन्हा उतरवावं लागलं. लेथचं काम जपून निवडा. क्रँक एका रेषेत बसला नाही तर ताशी पन्नासच्या वर पायदान पायाखाली झिणझिणतं, आणि ते मग कशानेच जात नाही. माझा कारागीर डायल (बारीक फरक दाखवणारं मापाचं घड्याळ) लावून, तांब्याच्या हातोडीने टिचकी मारत, पुन्हा डायल बघत अर्धा दिवस बसला. ते बघायला मी मुद्दाम थांबलो होतो. बोअर करतानाही त्याला सांगितलं की गाडी खान्देशच्या उन्हात, पंचेचाळीस अंशात चालायची आहे, पिस्टन फार आवळून बसवू नकोस. पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या आत ठेवली, मध्ये दोनदा ऑइल बदललं. पुढच्या मे महिन्यात तोच कन्नड घाट, मागे बायको आणि सामान. वरपर्यंत न थांबता गेली.

तिसरी वाटही काही जण विचारतात: नव्या पद्धतीचं, २००८ नंतरचं युनिट इंजिन जुन्या चेसिसमध्ये बसवणं. माझ्या एका मित्राने ते केलं. सेल्फ स्टार्ट आला, ऑइल गळणं थांबलं. पण त्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र, म्हणून चेसिसच्या पट्ट्या कापाव्या लागल्या. गिअर उजवीकडून डावीकडे गेला आणि ब्रेक उजवीकडे आला. वीस वर्षांची सवय असलेल्या पायाने ऐन वेळी ब्रेक समजून गिअर दाबला. नंबराचा प्रश्न होताच. कोणाला पटत असेल, मला ती वाट आपली वाटत नाही.

मग बदलणं कधी बरोबर? रॉड तुटून क्रँककेस फुटली असेल तेव्हा. बारीक तडा आर्गन वेल्डिंगने सांधता येतो, बेअरिंगची जागा ढिली झाली तर तिथे स्लीव्ह बसवता येते, पण केसचा तुकडाच उडाला असेल तर हट्ट करू नये. कास्ट आयर्न इंजिन कंपनी आता बनवत नाही, त्यामुळे मिळेल ते वापरलेलंच. घेताना हेड उतरवून पिस्टनवरचा आकडा डोळ्यांनी बघा. बिल आणि त्या गाडीचे कागद हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि आधी परवानगी घ्या, मग इंजिन चढवा. माझ्याकडून हा क्रम उलटा झाला.

आणखी एक, जे २०१६ मध्ये माझ्या हिशेबात नव्हतं. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण चेसिस, इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा अशी अट आहे. आबांची बुलेट २०३८ मध्ये पन्नाशीची होईल. पुतण्याने आत्ताच ते वर्ष भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

तुमची गाडी मिस्तरीकडे नेण्याआधी एक काम घरीच करा. क्रँककेसवरचा नंबर रॉकेलच्या चिंधीने पुसा, वर पातळ कागद धरा, पेन्सिल आडवी फिरवा आणि तो कागद आरसी बुकाशेजारी ठेवून एकेक अंक ताडून बघा.