पाठ फिरवून ऐकलेलं कौतुक: एका कार्यशाळेचा अनुभव

आमची टीम बारा जणांची, काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. दिवसभर चुका शोधायच्या आणि लिहायच्या. चांगल्याला चांगलं म्हणायला मात्र जीभ रेटत नाही. म्हणून कौतुकाचा सराव करून घेणारी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा ठेवली.

पहिला खेळ पाठीवर कागद लावून फिरण्याचा. प्रत्येकाने दुसऱ्याच्या कागदावर एक चांगली गोष्ट लिहायची. हशा पिकला, पण माझ्या कागदावर सात जणांनी 'मदतीला तत्पर' किंवा तसलंच काहीतरी लिहिलेलं. तो कागद कुणाच्याही पाठीवर चालला असता.

दुसऱ्या खेळासाठी मात्र मी ही कार्यशाळा पुन्हा घेईन. तिघांचा गट. एकाने पाठ फिरवून बसायचं, बाकी दोघांनी तो तिथे नाहीच असं समजून त्याच्याबद्दल बोलायचं. विशेषणांना बंदी. प्रसंग कोणता, त्याने नेमकं काय केलं, माझ्यावर काय परिणाम झाला, एवढंच. प्रसंग-वर्तन-परिणाम हा साचा सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या अमेरिकी प्रशिक्षण संस्थेचा. मी तो आजवर फक्त चुका सांगायला वापरला होता.

आमच्या गटात सर्वांत अबोल सहकारी पाठ फिरवून बसली. दुसरा म्हणाला, "रिलीजच्या आदल्या रात्री माझ्या हातून टेस्टचा डेटाबेस पुसला गेला. तिने बोभाटा केला नाही. दोन तास माझ्याबरोबर बॅकअप चढवत बसली. नोकरी सोडायचं मनात होतं, ते त्या रात्री निघून गेलं." ती वळली तेव्हा डोळे भरले होते. वर्षभर हे त्याने सांगितलं नव्हतं, तिला अवघडल्यासारखं होईल म्हणून. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८मध्ये हेच दाखवलं: आभार मानणारा समोरच्याच्या आनंदाचा अंदाज कमी लावतो आणि अवघडलेपणाचा जास्त.

एक गोष्ट खटकली. 'एका टीकेमागे २.९ कौतुकं' अशी स्लाइड दाखवली गेली. २००५च्या शोधनिबंधातला हा आकडा. त्यामागचं गणितच चुकीचं असल्याचं २०१३मध्ये ब्राउन, सोकल आणि फ्रीडमन या संशोधकांनी दाखवून दिलं. मधल्या सुट्टीत मी हे सांगितलं, आणि प्रशिक्षकांनी सगळ्यांसमोर ती स्लाइड मागे घेतली. त्यामुळे त्यांच्याबद्दलचा आदर वाढलाच.

कौतुक स्वीकारण्याच्या सरावाला फक्त दहा मिनिटं मिळाली. "त्यात काय एवढं" न म्हणता नुसतं "धन्यवाद" म्हणून थांबायचं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ते जमलं नाही, मलाही नाही. इथे तासभर हवा होता.

आता दर गुरुवारी बैठकीची पहिली पाच मिनिटं आम्ही एकेक प्रसंग सांगतो. सक्ती नाही; कधी दोघंच बोलतात. तुम्ही ही कार्यशाळा घेणार असाल तर पाठीवरचा कागद वगळायला सांगा आणि तो वेळ तिघांच्या गटाला द्या.