चार जीबीच्या लॅपटॉपवर जीनी एडिटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझा लॅपटॉप २०१७ साली घेतलेला आहे. त्यात ४ जीबी मेमरी आहे, ती वाढवण्याची सोय नाही आणि सध्या त्यावर लिनक्स मिंट २२ या प्रणालीची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती चालते. या यंत्रावर मी मुख्यतः दोन कामे करतो. अकरावी-बारावीच्या मुलांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना लागणारे छोटे प्रोग्रॅम लिहितो आणि मराठी शब्दयाद्या व सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या) फाइली साफ करण्यासाठी पायथनच्या स्क्रिप्ट लिहितो. शंभर-दोनशे ओळींपलीकडे क्वचितच जावे लागते, मात्र कोडमधल्या टिपा आणि स्ट्रिंगमधला मजकूर बहुतेक वेळा मराठीत असतो. एडिटर, म्हणजे कोड लिहिण्याचे साधन, निवडताना याच गोष्टीने मला सर्वांत जास्त फिरवले.

आधीचा एडिटर इलेक्ट्रॉनवर आधारलेला होता, म्हणजे तो उघडताना त्याच्याबरोबर क्रोमियम ब्राउझरचे अख्खे इंजिन मेमरीत येत असे. शेजारी फायरफॉक्सचे चार टॅब उघडे असले की स्वॅप (मेमरी अपुरी पडल्याने डिस्कचा वापर) सुरू होई आणि टाइप केलेले अक्षर पडद्यावर उमटण्याची वाट पाहावी लागे. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, चालणारे एडिटर मला येतात, पण मुलांसमोर प्रोजेक्टरवर काम करताना मेनू आणि बटणे दिसणे गरजेचे असते, म्हणून चित्रमय एडिटरच हवा होता.

मिंटबरोबर येणारा एक्सेड नीटनेटका आहे, पण तो मुळात मजकूर लिहिण्यासाठी आहे आणि प्रोग्रॅम चालवायला प्रत्येक वेळी टर्मिनलकडे जावे लागते. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा केट फार समर्थ आहे, परंतु एक्सएफसीईवर तो बसवताना केडीईच्या लायब्रऱ्याही सोबत येतात. तिसरा एक अतिशय हलका एडिटर मी चार दिवस वापरला. तो पापणी लवेपर्यंत उघडत होता, पण त्यात ‘कि’ हे अक्षर ‘क’ आणि त्याच्या उजवीकडे सुटी वेलांटी असे दिसे आणि जोडाक्षरांत हलन्त उघडा पडे. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते व्यंजनानंतर आणि दाखवावी लागते व्यंजनाआधी. ही मांडणी करणारी व्यवस्था एडिटरने वापरलीच नाही, तर चांगला फॉन्ट असूनही काही उपयोग होत नाही. हलकेपणासाठी लेखकाने नेमके हेच ओझे उतरवून ठेवले असावे, असा माझा तर्क आहे.

अशा रीतीने मी जीनीकडे आलो. एन्रिको ट्रोगर यांनी सुरू केलेल्या या एडिटरची पहिली आवृत्ती २००५ साली आली, म्हणजे तो माझ्या विद्यार्थ्यांपेक्षाही वयाने मोठा आहे. तो जीटीके (खिडक्या-बटणांची लायब्ररी) आणि सिंटिला (कोड संपादनाची लायब्ररी) या घटकांवर उभा आहे, जीपीएल या मुक्त परवान्याखाली मोफत मिळतो आणि मिंट २२ च्या भांडारातून (सॉफ्टवेअरच्या अधिकृत साठ्यातून) त्याची २.० ही आवृत्ती एका आज्ञेत बसवता येते. माझ्या यंत्रावर तो ब्राउझरच्या एका टॅबइतकीही मेमरी घेत नाही. वेगाविषयी याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही, कारण पहिल्या आठवड्यानंतर मला वेगाची आठवणच झाली नाही.

रोजच्या वापरात सर्वांत उपयोगी पडल्या त्या तीन कळा: एफ८ ने फाइल कंपाइल होते (यंत्राच्या भाषेत उतरते), एफ९ ने बिल्ड होते (चालवता येणारा प्रोग्रॅम तयार होतो) आणि एफ५ ने प्रोग्रॅम चालतो. सी साठी जीसीसी या कंपाइलरची आज्ञा आधीपासून भरलेली असते आणि तीत सर्व इशारे दाखवण्याचा पर्यायही चालू असतो. चूक झाली की खालच्या पट्टीत तिची ओळ लाल दिसते, तिच्यावर क्लिक केले की कर्सर थेट त्या ओळीवर जातो. अर्धविराम विसरलेल्या मुलाला एवढे दाखवले की पुढच्या वेळी तो स्वतःच शोधतो. प्रोग्रॅम वेगळ्या टर्मिनलमध्ये चालतो आणि संपल्यावर खिडकी नाहीशी होत नाही. प्रोग्रॅम कोणत्या अंकाने संपला ते लिहून ती एंटरची वाट पाहते. ‘रिटर्न ० कशासाठी लिहायचे?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. यंदा मी फळ्यावर काही लिहिले नाही. शून्याच्या जागी ७ लिहून एफ५ दाबले, टर्मिनलमध्ये ७ उमटला आणि त्या तासाचे काम तिथेच झाले.

पायथनच्या बाबतीत मात्र एक गोष्ट समजायला मला दोन संध्याकाळ लागल्या. एफ५ दाबल्यावर चालतो तो प्रणालीचा पायथन. आपण प्रकल्पासाठी वेगळे आभासी वातावरण (त्या प्रकल्पापुरत्या लायब्रऱ्यांचे स्वतंत्र फोल्डर) तयार केले असेल, तर त्यातील लायब्ररी त्याला सापडत नाही आणि ‘मॉड्यूल सापडले नाही’ अशी तक्रार येते. यावर उपाय असा, की आधी जीनीत प्रकल्प तयार करावा आणि मग ‘बिल्ड’ मेनूतील ‘सेट बिल्ड कमांड्स’ मध्ये जाऊन चालवण्याच्या आज्ञेत त्या वातावरणातील पायथनचा मार्ग लिहावा. टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे ‘पी’ हे अक्षर लिहिले की तिथे प्रकल्पाचे मूळ फोल्डर येते आणि टक्क्यापुढे ‘एफ’ लिहिले की चालू फाइलचे नाव येते. एकदा भरले की ती आज्ञा प्रकल्पाच्या फाइलीत राहते.

आता देवनागरी. जोडाक्षरे बरोबर दिसतात, वेलांटी जागेवर असते, रफार हलत नाही. मी कोडसाठी डेजाव्हू सान्स मोनो वापरतो आणि त्यात देवनागरी नसल्यामुळे ती अक्षरे नोटो सान्स देवनागरीतून घेतली जातात. ओळीची उंची मात्र मुख्य फॉन्टवरून ठरत असल्याने सुरुवातीला माझ्या टिपांतील मात्रा आणि अनुस्वार वरून कापले जात होते, उकार खालून. ‘टूल्स’ मेनूतील संरचना फाइलींमध्ये ‘फाइलटाइप्स डॉट कॉमन’ नावाची फाइल आहे. तिच्या ‘स्टायलिंग’ विभागात ‘लाइन हाइट’ अशी ओळ असते आणि तीत दोन अंक लिहिता येतात, पहिला वरच्या जागेसाठी आणि दुसरा खालच्या. मी शून्य-शून्य ऐवजी तीन-तीन केले आणि मात्रा मोकळ्या झाल्या. प्राधान्यांच्या खिडकीत ही सोय कुठेही नाही, त्यामुळे अनेक जण इथेच कंटाळून एडिटर बदलत असतील.

कर्सरचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण संगणकाच्या लेखी ती चार चिन्हे आहेत, आणि बाणाची कळ दाबत गेले की कर्सर त्या अक्षराच्या पोटात थांबत थांबत पुढे सरकतो. बॅकस्पेसच्या वेळी हे सोयीचेच ठरते, कारण अख्खे अक्षर न जाता फक्त वेलांटी जाते. माउसने नेमका शब्द निवडताना मात्र हात चुकतो. शिवाय देवनागरी अक्षरांची रुंदी समान नसल्याने स्तंभ जुळवून लिहिलेल्या मराठी टिपा कधीच एका रेषेत येत नाहीत. तो प्रयत्न मी सोडून दिला.

एक फजिती माझीच. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा जतन करताना काढून टाकण्याचा पर्याय मी उत्साहाने चालू केला. मार्कडाउन या साध्या मजकूर-मांडणीच्या पद्धतीत ओळीअंती दोन मोकळ्या जागा म्हणजे नवी ओळ असते, हे ठाऊक असूनही मला सुचले नाही आणि वर्गासाठी लिहिलेल्या टिपणांतील सगळ्या छोट्या ओळी एकमेकींना चिकटल्या. गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) जुनी प्रत होती म्हणून निभावले.

उणिवांत सर्वांत मोठी म्हणजे शब्द सुचवण्याची पद्धत. उघड्या फाइलींतील फंक्शन आणि चलांची नावे जीनी ओळखतो आणि ती डावीकडच्या पट्टीत मांडूनही दाखवतो, पण एखाद्या वस्तूला कोणत्या पद्धती लागू पडतात हे त्याला कळत नाही. भाषा-सर्व्हरशी, म्हणजे कोड समजून अशा सूचना देणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमशी, जोडणारे प्लगइन (जोड-भाग) २०२५ च्या २.१ मालिकेत आले आहे. माझ्या भांडारात ते नाही आणि बाहेरून बांधून घेण्याइतकी निकड मला वाटली नाही. एकाच वेळी अनेक कर्सर ठेवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना इथे चुकल्यासारखे वाटेल. गिटमधील बदल समासात दाखवणारे प्लगइन वेगळ्या पॅकेजमधून मिळते आणि ते चांगले चालते.

दोन महिन्यांपूर्वी एका मित्राच्या वीस-पंचवीस फाइलींच्या प्रकल्पात हात घालावा लागला, तेव्हा मी शेवटी केट बसवला आणि त्या कामापुरता तोच उघडतो. इतर सर्व फाइलींसाठी जीनीच आहे. वर्गातील बारा यंत्रांवरही तो बसवला असून माझे संरचनेचे फोल्डर पेन ड्राइव्हवरून सगळीकडे नकलले आहे, त्या तीन-तीनच्या ओळीसकट.