‘नमस्कार कर’ म्हणावं, की सोनं वाटायला पाठवावं?

पाहुणे दारात असतानाच ‘काकांना नमस्कार कर, नाव सांग’ म्हटलं की मूल आईच्या ओढणीआड जातं. वर ‘लाजाळू आहे हो’ हा शिक्का. सोय एवढीच, की तयारी काहीच लागत नाही.

दसऱ्याला आपट्याची पानं देऊन शेजारी पाठवलं तर? बेल एकदाच दाबायची, दार उघडेपर्यंत थांबायचं, ‘सोनं घ्या आजी’ म्हणत वाकायचं. हातात द्यायला काहीतरी असलं की बुजणं कमी होतं. संक्रांतीच्या तिळगुळाचंही तेच. अडचण ही, की सण वर्षातून एकदाच. मधल्या काळात वॉचमनकाकांना पाणी द्यायला पाठवा. मला हीच रीत पटते. पहिली फारतर आठवण करून द्यायला, तीही हळूच कानात.