नाकपुडीच्या कडेचं ग्राफ्ट: कुणी करावं, कुणी करू नये

नाकपुडीची कड वर खेचली गेली असेल, तिला खाच पडली असेल किंवा श्वास घेताना ती आत ओढली जात असेल, तर कूर्चेचं ग्राफ्ट, म्हणजे नाकातला किंवा कानातला मऊ, लवचिक हाडाचा तुकडा काढून तिथे बसवणं, हा खरोखर चांगला उपाय आहे. नाकपुड्या रुंद वाटतात म्हणून बारीक करायच्या असतील, तर मात्र त्याचा उपयोग नाही. तिथे नाकपुडीच्या पायथ्याची कातडी थोडी काढून टाके घालतात. ही गल्लत फार होते, आणि नको ती शस्त्रक्रिया पदरी पडते.

म्हणून आधी अगदी बाजूने काढलेला फोटो बघा. नाकपुडीच्या छिद्राच्या मधोमध, लांबीच्या दिशेने एक रेघ ओढा. साधारणपणे कड या रेघेच्या १ ते २ मिमी वर असते आणि दोन नाकपुड्यांमधला खांब तेवढाच खाली. कड २ मिमीहून वर गेली असेल तर ग्राफ्टचा विचार करायचा. कड जागेवर असून खांबच खाली लोंबत असेल, तर कडेला हात लावणं चूक आहे.

साध्या ग्राफ्टमध्ये नाकाच्या पडद्यातून कूर्चेची पट्टी काढतात: लांबी १२ ते १५ मिमी, रुंदी २ ते ३ मिमी, जाडी जेमतेम १ मिमी. कडेला समांतर, कातडीखाली अरुंद खिसा करून ती सरकवतात. सगळं कौशल्य या खिशात आहे. तो सैल झाला तर पट्टी फिरते आणि दोन्ही बाजू वेगळ्या दिसू लागतात. पट्टी जाड राहिली किंवा तिची टोकं तासून निमुळती केली नाहीत, तर पातळ कातडीतून पट्टीची कडा उठून दिसते. पडद्यातून कूर्चा काढताना वरच्या आणि पुढच्या बाजूला किमान १० मिमी रुंद पट्टा शिल्लक ठेवावाच लागतो, नाहीतर नाक नंतर खचतं. सौम्य खाचेसाठी हे ग्राफ्ट पुरतं. कड जास्त वर गेली असेल तर ते कमी पडतं.

तिथे कानाच्या वाटीतून कातडीसकट कूर्चा घेतात आणि नाकपुडीच्या आतल्या बाजूला शिवतात. हे अवघड काम आहे. पहिले एक-दोन दिवस या तुकड्याला रक्तवाहिनीच नसते. भोवतीच्या द्रवावर तो तगतो. त्यामुळे तो लहानच हवा, त्याचा कुठलाही भाग रक्तपुरवठा असलेल्या काठापासून ५ मिमीहून लांब नको. आधी पांढरा, मग निळसर-जांभळा आणि नंतर गुलाबी असा तो रंग बदलतो. जांभळा दिसला म्हणून घाबरू नका. काळा पडून कोरडा झाला तर मात्र तो मेला. खाली रक्त साठलं की तुकडा उचलला जातो, म्हणून आरपार टाक्याने बोळा बांधून दाबून ठेवतात. तो बोळा स्वतः काढू नका. तंबाखू, सिगारेट, निकोटिनचा च्युइंगगम हे सगळं आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे बंद. निकोटिनने बारीक वाहिन्या आकसतात, आणि हा तुकडा जगतो तो त्यांच्याच भरवशावर.

भरताना कातडी आकसते हे जुनंच दुखणं. पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने घडवलं, त्याचं वर्णन १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापलं गेलं. त्यातही दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायला सांगितलंय, भोकं उघडी राहावीत म्हणून. आज तुकडा गरजेपेक्षा जरा मोठा कापतात, शिवाय काहींना सिलिकॉनची नळी काही आठवडे घालायला देतात. ती नियमाने वापरा.

कडेत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून देतो असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. इथली कातडी पातळ आहे, ते बाहेर येतं.

डॉक्टर निवडताना प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा कान-नाक-घशाची एमएस पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. त्यांनी केलेल्या नाकपुड्यांचे खालून काढलेले, एक वर्षानंतरचे फोटो मागा. तीन महिन्यांच्या फोटोत सूज असते. कान कुठून कापणार, व्रण कुठे राहणार, पुन्हा करावं लागलं तर पैसे कोण देणार, हे कागदावर लिहून घ्या. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही. आणि पहिल्यांदा मनासारखं झालं नाही, तरी वर्षभर दुसरी शस्त्रक्रिया नको. व्रण मऊ पडल्याशिवाय नवा खिसा नीट होत नाही.