वक्तृत्वाचा प्राथमिक कोर्स: घ्यावा का?
कॉलेजातला हा कोर्स जरूर घ्या, पण भाषणांचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं का, ते आधी विचारा. स्वतःला ऐकल्याशिवाय ‘अं’, ‘म्हणजे’ची सवय लक्षातच येत नाही. खरी कमाई आराखड्याची: 5 मिनिटांच्या भाषणात मुद्दे 2 किंवा 3च, आणि हातातल्या टिपणाच्या कार्डावर फक्त मुख्य शब्द. पूर्ण वाक्यं लिहिली की नजर खाली खिळते, आवाज सपाट होतो. पाठांतर त्याहून वाईट. एक ओळ निसटली की पुढचं सगळं अडतं. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं हवं. सराव उभं राहून, मोठ्याने, घड्याळ लावूनच करा. भीतीने वेग वाढतो, म्हणून मुद्दा संपला की एक श्वास थांबा. काही ठिकाणी लेखी परीक्षेलाच जास्त गुण असतात, ते मात्र खटकतं.