फोर्ड मॉडेल ए: रॉडचे ब्रेक ठेवायचे की हायड्रॉलिक बसवायचे?

मॉडेल ए (१९२८ ते १९३१) दारात आली की पहिला सल्ला ठरलेला: "ते रॉडचे ब्रेक काढून टाका." घाई करू नका. पुढच्या-मागच्या चाकांत जोराची वाटणी चुकली तर दोन्ही प्रकारच्या ब्रेकमध्ये, म्हणजे लोखंडी सळ्यांनी जोर नेणाऱ्या रॉडच्या आणि तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये, गाडी दगा देते.

रॉडच्या ब्रेकमध्ये ही वाटणी तुमच्या हातात असते. चारही चाकं उचलायची, सीट आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी पट्टी अडकवून पेडल थोडं दाबलेलं ठेवायचं आणि चाकं हाताने फिरवून बघायची. मागची आधी अडायला हवीत, पुढची जरा नंतर. पण अंतर अगदी थोडं. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे येतं आणि हलकी झालेली मागची चाकं घसरतात. डाव्या-उजव्याचा जोर सारखा हवा, नाहीतर गाडी एका बाजूला खेचते. हे सगळं चाकाजवळच्या चौकोनी डोक्याच्या अ‍ॅडजस्टरने करायचं. काही मिस्त्री सरळ रॉडच आखूड करतात. तिथेच घोटाळा होतो: लिव्हरचे कोन बदलतात आणि पायाचा जोर वाया जातो. पिना-बुश झिजलेले असतील तर आधी ते बदला. ब्रेकचे शू (घासणारे अर्धगोल पट्टे) चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमवर आतून दाबतात; मूळचे पत्र्याचे ड्रम या दाबाखाली फाकतात. ओतीव लोखंडाचे घातले की पेडलला लगेच कळतं.

हायड्रॉलिक फोर्डने १९३९ मध्ये आणले आणि पुढच्या काही वर्षांतले तेच ब्रेक मॉडेल ए ला बसवले जातात. तेलाचा दाब सगळीकडे सारखा, त्यामुळे डाव्या-उजव्याची कटकट कमी. पुढच्या-मागच्या चाकांतली वाटणी मात्र व्हील सिलिंडरचा (तेलाच्या दाबाने शू ढकलणारा चाकातला भाग) व्यास ठरवतो. इतर सगळं सारखं असेल तर सव्वा इंची सिलिंडर एक इंचीपेक्षा दीडपटीहून जास्त जोर देतो. शू कितीही घट्ट करा, हे प्रमाण हलत नाही. मागची चाकं आधी लॉक होत असतील तर मागच्या लाइनला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावावा लागतो. शिवाय चारही चाकांना तेलाचं एकच सर्किट असेल आणि एक पाइप फुटला तर चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून हँडब्रेकचा बळी देऊन केलेलं काम घेऊच नका.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार 'व्हीए' या व्हिंटेज गाड्यांच्या मालिकेत नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात लागते, तेव्हा कापाकापीआधी आरटीओत विचारून घ्या.

रॅलीपुरती, सपाट रस्त्यावर चालवणार असाल तर माझं मत रॉडलाच. घाटात, गर्दीत नेहमी न्यायची असेल तर हायड्रॉलिक, पण चारही चाकांचा जुळलेला संच घ्या, भंगारातून गोळा केलेले सिलिंडर नकोत.